कवडसे, हळद आणि एक रिकामा डबा : फोटोंचे घरातले-बाहेरचे खेळ

रानजाई | ११ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथल्या प्रकाशचित्रांच्या धाग्यांची मी बरीच वर्षं नुसती वाचक आहे. लडाख, ताडोबा, हंपीचे फोटो बघून जीव सुखावतो. माझं मात्र गेल्या वर्षभरात पुण्याबाहेर पाऊल पडलेलं नाही. सासूबाई घरातच पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आमचं सगळं घर त्यांच्या कॉटभोवती फिरायला लागलं. कॅमेरा कपाटात पडून होता. नोव्हेंबरात एका दुपारी तो बाहेर काढला आणि तेव्हापासून जे खेळ करत आले ते इथे मांडते आहे. तुमचेही येऊ देत. झब्बू (उत्तरादाखल तुमचा फोटो) द्या, चुका काढा.

सुरुवात कवडशापासून, कारण माझ्यासाठी सगळं तिथूनच सुरू झालं.

माहेरी कौलारू घर. दुपारी जेवणं उरकली की माजघरात सारवलेल्या जमिनीवर कवडसे पडायचे आणि मी ते मुठीत धरायला जायचे. कौलातली फट कुठे तिकोनी, कुठे चिरेसारखी लांबट, पण खाली पडलेला कवडसा कायम गोल. का, ते मला कोणी सांगितलं नाही. फार नंतर कळलं की कवडसा हा फटीचा आकार नसतोच, तो सूर्याचा फोटो असतो. फट म्हणजे भिंगाविना कॅमेरा, जमीन म्हणजे पडदा. सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०८ पट लांब आहे, म्हणून कवडसाही फटीपासूनच्या अंतराच्या १०८ व्या भागाएवढा. जपमाळेतले मणी आणि हा आकडा एकच निघाल्यावर मी चकितच झाले. भावाला फोन करून मोजायला लावलं. "वही किरणाला काटकोनात धर, नाहीतर लंबगोल येईल," एवढंच सांगितलं. किरणाची वाट सव्वातीन मीटर, कवडसा तीन सेंटीमीटरला किंचित जास्त.

प्र.चि. (प्रकाशचित्र) १ जुना आहे, २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळचा. पुण्यातून तेव्हा खंडग्रास ग्रहण दिसलं. सोसायटीतल्या आंब्याखाली फरशीवर नेहमी गोल कवडसे असतात, त्या दिवशी शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. झाडू मारणाऱ्या मावशी झाडू बाजूला ठेवून माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. फोटोत कोपऱ्यात त्यांचा हात आणि हिरव्या बांगड्या आल्या आहेत, त्या मी मुद्दाम कापल्या नाहीत. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब विद्वानाने ग्रहणाची हीच कोर भोकातून पाडून तिच्यावर लिहून ठेवलं आहे.

आता खोली.

सासूबाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी पूर्वेला, खाली रस्ता. झोपून त्यांना फक्त छत आणि पंखा दिसायचा. चौथ्या आठवड्यात एकदा म्हणाल्या, "या पंख्याला तीन पाती आहेत हे मी किती वेळा मोजलं असेल गं." मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी काळा कार्डपेपर आणला, दोन थर करून खिडकी बंद केली, कडांना चिकटपट्टी, दाराखाली सतरंजी. मधोमध कटरने बारा मिलिमीटरचं भोक पाडलं. पूर्वेची खिडकी असल्यामुळे सकाळी समोरच्या इमारतीचा सावलीतला भाग आपल्याकडे असतो, तेव्हा चित्र येत नाही. दुपारी तीननंतर ऊन मागून, पश्चिमेकडून येतं आणि समोरचं सगळं उजळतं. तेव्हा करायचं.

दिवा बंद केला. पहिली दोन मिनिटं काहीच दिसेना. डोळे सरावले तशी भिंतीवर समोरची इमारत उलटी लटकलेली दिसायला लागली. आभाळ खाली, पार जमिनीपाशी, आणि रस्ता वर. भोक खिडकीत, रस्ता त्याच्या खाली, म्हणजे रस्त्यावरून आलेला प्रकाश भोकातून वर चढतो आणि छतावर पडतो. जिला फक्त छत दिसत होतं तिच्या छतावर रस्ता आला. रिक्षा चालल्या होत्या, शाळा सुटलेली पोरं चालली होती, रंगांसकट. उत्तरेकडे जाणारी रिक्षा छतावर दक्षिणेकडे सरकायची. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पंख्याच्या पलीकडे एक हिरवा आणि केशरी ठिपका हळूहळू सरकत आला, त्याच्याकडे बोट करून म्हणाल्या, "भाजीवाला आला बघ. मटार आणलाय आज." मी कागदाची कड उचलून खाली पाहिलं. मटार आणि गाजरं. त्यांनी अर्धा किलो घ्यायला लावला आणि कॉटवर बसता येत नव्हतं तरी ताट पोटावर ठेवून सोलला.

प्र.चि. २ आणि ३ या छताचे. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) १६००, एफ (लेन्सचं उघडणं, आकडा लहान तितकं मोठं) ४, तीस सेकंद ठेवले तर इमारती खणखणीत येतात, पण चालणारी माणसं आणि गाड्या पुसल्या जातात. भाजीवाल्याला पकडायला ५० मिमीची लेन्स एफ १.८ ला उघडी, आयएसओ ६४००, दीड सेकंद. फोटो बराच दाणेदार आला आहे, गाडी थोडी हलली आहे. मला तोच फोटो जास्त आवडतो.

हळदीचा खेळ सासूबाईंनी सुचवला असं म्हटलं तरी चालेल. मी त्यांना सायनोटाइपबद्दल सांगत होते. १८४२ मध्ये जॉन हर्षेल यांनी लोहाच्या क्षारांपासून निळी छापील चित्रं काढायची रीत शोधली, पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळांची चित्रं त्या रीतीने काढली, वगैरे. हर्षेल यांनी फुलापानांच्या रसांवरही असेच प्रयोग केले होते. सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय, हळदीचं लुगडं उन्हात वाळत घातलं की उडतंच." बरोबर आहे. हळदीतला पिवळा रंग ऊन खातं.

दोन चहाचे चमचे हळद, अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिट. पाण्यात हळदीचा रंग नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरतो. गॅसपासून लांब, बाल्कनीत करायचं. पंधरा मिनिटांनी मलमलीतून गाळलं, जाड हातकागदावर रुंद ब्रशने दोन हात दिले, कपाटात अंधारात वाळवलं. वर शेवग्याची डहाळी ठेवली, फोटोफ्रेमची काच दाबली, चिमटे लावले आणि गच्चीत ठेवलं. डिसेंबरच्या उन्हात जवळजवळ पाच तास लागले. काच काढली तेव्हा उघडा कागद फिकट सायीसारखा झाला होता आणि डहाळीखालची जागा पिवळीच होती. हे चित्र इतकं हलकं असतं की डोळे बारीक करून बघावं लागतं. मग त्यावर खायच्या चुन्याची निवळी फिरवली. ब्रश जिथून जाईल तिथे शेवग्याचं एकेक पान लालभडक उमटत गेलं. सासूबाई म्हणाल्या, "कुंकू केलंस की." त्यांच्या लहानपणी घरी असंच, हळदीला चुना लावून कुंकू करायचे. प्र.चि. ४ ते ७.

अडचण एवढीच की आठवड्यात ते लाल पुन्हा मळकट पिवळं झालं. कोणाला उपाय माहीत आहे का?

बाकीचे खेळ थोडक्यात. लॅपटॉपचा पडदा कोरा पांढरा ठेवायचा, समोर कंपासपेटीतला पारदर्शक गुण्या धरायचा आणि कॅमेऱ्याला पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारी काच) लावून फिरवत जायचा. पडदा काळा होतो आणि गुण्यात इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात, साच्यात घालताना प्लास्टिकवर जिथे ताण आला त्या सगळ्या जागा (प्र.चि. ८). उदबत्तीचा धूर, काळा कापडी पडदा आणि बाजूने फ्लॅश (प्र.चि. ९). पाण्यावर तेलाचे थेंब, काचेच्या भांड्याखाली इरकली खण (प्र.चि. १०).

आणि शेवटी न जमलेला खेळ. हा सासूबाई पडण्याच्या आधीचा. शीतपेयाच्या डब्याला सुईने भोक पाडून आत ब्रोमाइड पेपर (उजेडाने काळवंडणारा फोटोचा कागद) लावायचा आणि डबा महिनोन् महिने एका जागी बांधून ठेवायचा. रोजचा सूर्य कागदावर एकेक रेघ ओढत जातो. परदेशी लोकांची अशी चित्रं अफाट सुंदर असतात, एकाखाली एक कमानी. त्यांच्या सूचना वाचून मी डिसेंबरात गच्चीच्या कठड्याला डबा बांधला, तोंड दक्षिणेला, आणि मेअखेर उघडला. कागदावर पाण्याची टाकी आली, समोरच्या गच्च्या आल्या, सूर्याची एकही रेघ नाही. पाच महिने. काय चुकलं असेल?

---

चिंचबोरं | ११ जानेवारी, रात्री १०.१५

काय सुरेख लिहिलंयस! मटार सोलणाऱ्या आजी डोळ्यांसमोर आल्या. उद्या रविवार, उद्याच खोली अंधारी करणार. आमची खिडकी पश्चिमेला आहे, म्हणजे सकाळी करायचं ना?

---

रानजाई | ११ जानेवारी, रात्री १०.३२

हो, सकाळी नऊ ते अकरा. सूर्य घराच्या मागे आणि समोरचं दृश्य उन्हात, एवढं धरून चाल. भोक आधी लहान पाड. मोठं केलं की उजेड वाढतो पण चित्र पुसट होतं. लहानाचं मोठं करता येतं, उलट नाही.

---

भिंगवाला | १२ जानेवारी, सकाळी ७.०५

रानजाई, तुमच्या डब्याचं चुकलं नाही, अक्षांशाचं गणित वेगळं आहे. मी शाळेत भूगोल शिकवायचो, निवृत्त आहे, हे प्रश्न मला फार प्रिय आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तरेला. २१-२२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य सगळ्यात खाली असतो तेव्हासुद्धा, भर दुपारी तो क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. आता डबा घ्या. व्यास साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास, उंची साडेअकरा. भोक मधोमध पाडलं तर खाली कागद उरतो पावणेसहा सेंटीमीटर. ४८ अंशांवरून येणारा किरण समोरच्या भिंतीवर भोकाच्या सव्वासात सेंटीमीटर खाली पोचायला हवा. म्हणजे तो कागदाच्या खाली, डब्याच्या बुडावर पडला. हे डिसेंबरातलं. मार्चमध्ये दुपारचा सूर्य ७१ अंशांवर जातो, मेच्या मध्याला थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी तो चक्क आपल्या उत्तरेला असतो. दक्षिणेकडे तोंड केलेल्या डब्याने त्याला बघायचं कुठून?

तुम्ही ज्या सूचना वाचल्या त्या वरच्या अक्षांशांच्या असणार. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. आपल्यासाठी डब्याचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला. सूर्य उगवताना-मावळताना खालीच असतो, कागदावर सापडतो. मावळतीची जागा वर्षभरात जवळजवळ ५० अंश सरकते, ती सगळी एका डब्यात मावते. कमानी मिळणार नाहीत, तिरप्या रेघा मिळतील. भोक मधोमध न पाडता वरच्या बाजूला, बुडापासून नऊ-दहा सेंटीमीटरवर पाडा. म्हणजे सूर्य अजून वर असतानाची रेघही येईल.

डबा जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवा. पावसाचं पाणी भोकातून आत गेलं की ब्रोमाइड कागदाचा लगदा होतो.

---

दूरदेशी | १२ जानेवारी, दुपारी १.२०

भिंगवाला सरांच्या गणिताला माझी साक्ष. मी स्टॉकहोमला असते, ५९ अंशांवर. माझा डबा बाल्कनीत दक्षिणेला बांधलेला होता. इथे २१ डिसेंबरला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंशांवर येतो, समोरच्या झाडांच्या शेंड्यांवरून सरपटत जातो, आणि जूनमध्ये ५४ अंशांवर. माझ्या चित्रात खालची कमान झाडांना टेकली आहे आणि वरची डब्याच्या टोकाला. झब्बू दिला आहे.

तो कागद पहिल्यांदा बघितला तेव्हा मी खूप रडले होते. इथे येऊन पहिलाच हिवाळा होता तो. खालच्या कमानी अगदी आखूड आहेत, मधल्या कित्येक तर ढगांमुळे नाहीतच. मला वाटायचं की दिवस नसतातच इथे, आणि कागदावर ते असे एकेक मोजून ठेवलेले होते.

रानजाई, एक सूचना. कागद डेव्हलप करायचा नाही. काढलास की अंधुक उजेडात लगेच एकदाच स्कॅन कर, कारण स्कॅनरच्या दिव्यानेही तो काळवंडत जातो. मग संगणकावर रंग उलटे कर. कृष्णधवल कागदावरही आपोआप निळा-जांभळा रंग उतरतो.

---

रानजाई | १२ जानेवारी, दुपारी ३.५०

भिंगवाला सर, तुमची पोस्ट तीनदा वाचली. मग वहीत डबा काढून ४८ अंशांची रेघ मारून पाहिली. खरंच बुडावर जाते! जुना डबा अजून आहे, आत्ता बॅटरी घेऊन पाहिला. त्याच्या बुडाला आतून एक फिकट पट्टा उडाल्यासारखा दिसतो आहे. तिथे कागद नव्हता, नुसता वार्निशचा थर. सूर्य तिथे पडत होता का, मला सांगता येणार नाही, पण बघून अंगावर काटा आला.

दूरदेशी, तुझ्या झब्बूवर काय बोलू. सासूबाईंना दाखवला. त्यांनी विचारलं, "या पोरीला एवढ्या थंडीत भाजी मिळते ना नीट?"

---

साखरपेरणी | १२ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

हळदीसाठी: चुन्याऐवजी टाकणखार (बोरॅक्स) वापर. किराणा दुकानात नाही मिळाला तर आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळतो. एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा. चुन्याची निवळी हवेत राहिली की तिचा जोर जातो, म्हणून तुझं लाल उतरलं. टाकणखाराने लाल कमी, विटकरी-तपकिरी जास्त येतो, पण माझी दोन वर्षांपूर्वीची चित्रं अजून बरी आहेत. अट एकच, भिंतीवर लावायची नाहीत. वहीत दाबून ठेवायची, आणि हौसेने काढून बघायची. हे चित्र कायमचं पक्कं करायची रीत नाही, ज्या उन्हाने काढलं तेच ते पुसतं.

मी पालकाचा रस करून पाहिला आहे. तीन-चार दिवस लागतात आणि वास येतो. जास्वंद चांगली. बीट मला नाही आवडलं.

टाकणखार लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, ब्रश-वाटी वेगळी ठेवा. आणि कोणी सायनोटाइपची रसायनं आणणार असेल तर स्वयंपाकघरातली भांडी अजिबात वापरायची नाहीत.

---

घाटवाट | १३ जानेवारी, रात्री ११.४५

मस्त धागा. घराबाहेरचा झब्बू माझ्याकडून.

काजवे. पाऊस यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, भंडारदरा-घाटघर-पुरुषवाडीच्या बाजूला. सादडा, हिरडा, बेहडा, उंबर अशा झाडांवर काजवे बसतात आणि सगळं झाड एका लयीत उजळतं-विझतं. मी एका जागी ट्रायपॉड ठेवून एफ २, आयएसओ १६००, वीस-वीस सेकंदांचे ऐंशी फोटो काढतो आणि संगणकावर एकावर एक रचतो, प्रत्येकातला फक्त उजळ भाग ठेवून. एकाच फोटोत काढायला गेलं तर आभाळ पांढरं पडतं. फोकस दिवस असतानाच लावून ठेवायचा आणि लेन्सवर पट्टी मारायची. कॅमेऱ्याच्या मागच्या लाल दिव्यावरसुद्धा काळी पट्टी.

आता मनातलं बोलतो. काजव्याचा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद आहे. त्या झाडाखाली बॅटरी मारली, गाडीचे दिवे चालू ठेवले, फ्लॅश उडवला की ती साद बंद पडते. गेल्या जूनमध्ये एका झाडाखाली चाळीसेक माणसं मोबाइलचे दिवे लावून उभी होती. अर्ध्या तासात झाड अंधारलं. मी कॅमेरा न उघडता परत आलो. तुम्ही जाणार असाल तर गावातल्या माणसाला वाटाड्या म्हणून घ्या, बॅटरीला लाल जिलेटीन लावा, झाडापासून लांब बसा. ज्याला हे जमणार नाही त्याने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

प्रांजळ | १४ जानेवारी, सकाळी १०.०५

घाटवाट, काजव्यांबद्दल पूर्ण अनुमोदन. मला स्टील वूलचे फोटो करायचे आहेत, तारेची घासणी पेटवून गोल फिरवतात ते. शनिवारी किल्ल्यावर जाऊन करावं म्हणतो. काही टिपा?

---

घाटवाट | १४ जानेवारी, सकाळी १०.४०

प्रांजळ, किल्ल्यावर नको, कळकळीने सांगतो. जानेवारीपासून पुढे डोंगरातलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. ठिणगी म्हणजे जळतं लोखंड असतं, वाऱ्यावर दहा-पंधरा फूट सहज जातं. वणवा लागला की घरटी, सरडे, नवी रोपं सगळं जातं. आणि तटबंदीच्या दगडावर काळे डाग पडतात ते वेगळंच. करायचंच तर ओल्या वाळूत, समुद्राची ओहोटी असताना, डोळ्यांवर चष्मा, अंगात सुती कपडे, शेजारी पाण्याची बादली आणि सोबत एक माणूस.

त्याऐवजी साधी बॅटरी घेऊन बघ. तीस सेकंद शटर उघडं ठेवायचं आणि अंधारात एखाद्या वडाच्या पारंब्या एकेक करून उजळत जायच्या, ब्रशने रंगवल्यासारख्या. मागे ताऱ्यांच्या रेघा हव्यात तर ध्रुवाकडे तोंड कर. हात ताणून वीत धरली की साधारण वीस अंश होतात, आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून त्याहून किंचित खाली असतो. बाकीचे तारे त्याच्याभोवती तासाला पंधरा अंश फिरतात.

---

प्रांजळ | १४ जानेवारी, सकाळी ११.१५

गवताचा विचार मी केलाच नव्हता. किल्ला रद्द. गावाला घराच्या मागे मोठा वड आहे, तिथे करतो.

---

पाटीपेन्सिल | १९ जानेवारी, रात्री ८.३०

मी कोल्हापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. रानजाईताई, तुमचा धागा वाचून शुक्रवारी चौथीच्या वर्गाच्या खिडक्या आम्ही काळ्या कापडाने बंद केल्या. अठ्ठावीस मुलं. मैदानावरचा झेंड्याचा खांब भिंतीवर उलटा आला तेव्हा जो आरडाओरडा झाला त्याने शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. मग निम्मी मुलं मैदानात पळाली आणि निम्मी आत राहिली. बाहेरच्यांनी उड्या मारल्या की आतल्यांना ती छताकडून खाली उड्या मारताना दिसायची. एक मुलगी खांबाशेजारी हातांवर उलटी उभी राहिली, म्हणजे आतल्यांना ती सुलटी दिसेल. हे तिला मी सांगितलं नव्हतं.

आता मे महिन्याची वाट बघतोय. कोल्हापुरात ६-७ मेच्या सुमारास शून्य सावली असते (भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर, उभ्या वस्तूची सावली पडत नाही), पुण्यात १३-१४ मेला. शाळेला सुट्टी असेल, पण मुलं म्हणाली आम्ही येतो. स्टीलचे पेले रांगेत उभे करून वरून फोटो काढायचा बेत आहे. दर पाच मिनिटांनी एक.

---

रानजाई | १९ जानेवारी, रात्री ९.०२

पाटीपेन्सिल, त्या हातांवर उभ्या राहिलेल्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मला हे सुचलं नसतं.

डबा काल बांधला. बाल्कनी पश्चिमेची, भोक वरच्या बाजूला, नऊ सेंटीमीटरवर. ०.३ मिलिमीटरचं, बारीक सुईच्या नुसत्या टोकाने ॲल्युमिनियमला टोचून आणि मग पॉलिश पेपरने कड घासून. सासूबाईंनी डब्यावर स्वस्तिक काढलं आहे.

---

रानजाई | ८ जून, संध्याकाळी ७.२०

धागा वर काढते आहे.

आज सकाळी डबा उतरवला. १८ जानेवारी ते ८ जून. सासूबाई आता वॉकर घेऊन घरात फिरतात. डबा कापताना शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि पडदे ओढायचं काम त्यांनीच केलं.

प्र.चि. ११. डावीकडे जानेवारी. वरून खाली, किंचित उजवीकडे कलत उतरलेल्या रेघा, भिंगवाला सरांनी सांगितल्या तशाच. मार्चच्या आसपास रेघा सुट्या व्हायला लागतात, कारण तेव्हा सूर्याची जागा रोज जास्त सरकते. मेमध्ये त्या पुन्हा दाट होतात, शेवटच्या पंधरवड्यात तर सगळ्या मिळून एक जाड पांढरा पट्टाच. खाली समोरच्या टाक्या, नारळाचं झाड आणि मोबाइलचा टॉवर. नारळ धूसर आहे, पाच महिन्यांचा वारा त्यात आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट उजव्या बाजूला आहे. एप्रिलच्या शेवटापासून काही रेघा वरून नीट निघतात आणि मध्येच तुटतात. खालपर्यंत पोचतच नाहीत. मला वाटलं कागद खराब झाला. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर आणायला सांगितलं. दुधाचा हिशोब, माझ्या नवऱ्याचे दौरे, त्यांच्या गोळ्या, सगळं त्या त्यावर लिहितात. वळीव आला की त्या तारखेखाली "पाऊस" असंही लिहितात, किती वाजता तेसुद्धा. एप्रिलअखेर ते मेअखेर सात नोंदी होत्या. दुपारी चार, साडेचार, पावणेपाच. आभाळ भरून आलं त्या वेळेला रेघ तुटली आहे. आम्ही दोघींनी भिंग घेऊन मोजल्या. सहा तुटक्या रेघा स्पष्ट सापडल्या, सातवी त्या जाड पट्ट्यात हरवली असणार.

---

भिंगवाला | ८ जून, रात्री ८.१०

सातवी कुठल्या तारखेची आहे? मे २० नंतरची असेल तर सापडणं अवघडच. सूर्य तेव्हा दिवसाला पाव अंशाहूनही कमी सरकतो, शेजारच्या रेघेवरच रेघ बसते. पण मूळ स्कॅन मोठा असेल तर पाठवा, मी बघतो.

---

रानजाई | ८ जून, रात्री ८.२६

२४ मे, पावणेपाच. स्कॅन पाठवते.

सासूबाई विचारताहेत की पुढचा डबा त्यांच्या पूर्वेच्या खिडकीत लावला तर सकाळचं धुकं त्यात येईल का.

---

भिंगवाला | ८ जून, रात्री ८.४०

येईल. रेघ तळापासून सुरू न होता थोडी वरून सुरू होईल. २१ डिसेंबरला लावा, आणि त्यांना कॅलेंडरवर धुकं लिहायला सांगा.